एकशे बारा खोकले

काकू : कापलास का?

कानसेन : कापला. 'समुद्र शांत झाला' यानंतर बरोब्बर अर्ध्या सेकंदानं खोकलाय. शब्दाला धक्का नाही, काकू. जागा सोडून खोकतो बिचारा. चला, रेकॉर्डिंग चालू करतो, पुढचं वाचा. पंधरावं प्रकरण.

काकू : मी नाही वाचणार पुढचं.

कानसेन : घसा बसला का? या बाहेर, पाणी देतो.

काकू : पाणी नको. सकाळपासून तुला सांगायचंय, धीर होत नव्हता. आता ही मधे काच आहे तोवर सांगून टाकते. चौदावं झालं, माझं इथं संपलं. पंधरावं दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घे.

कानसेन : थट्टा करताय ना? पुस्तकात बावीस प्रकरणं आहेत.

काकू : मला मोजता येतं.

कानसेन : अहो, पण मधेच आवाज बदलला तर ऐकणाऱ्यांनी करायचं काय? ते आजोबा आहेत ना, दोन्ही डोळ्यांनी न दिसणारे, दर सोमवारी फोन करतात. 'दीपगृहवाला होडी घेऊन परत आला का हो?' विचारतात. त्यांना काय सांगू, वाचणाऱ्या बाईच होडीतून उतरल्या?

काकू : सांग, बाईंच्या घरी आजारपण आहे.

कानसेन : कोण आजारी?

काकू : हा काय, माझ्या पायाशी.

कानसेन : बोळा?

काकू : हळू! हेडफोनमधूनसुद्धा ऐकू येतं त्याला. नाव घेतलं की मान वर करतो, आणि मान वर केली की... बघ. झालं सुरू.

कानसेन : ऐकलं. काकू, पण कुत्रा खोकला म्हणजे लगेच काही...

काकू : खोकला म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, कानसेन. घरात एक खोकला सहा महिने ऐकलाय मी. रोज ह्यांनी म्हणायचं, 'घसा धरलाय, होईल बरा.' रोज मी म्हणायचं, 'होईल बरा.' मध दिला, गरम पाणी दिलं. चोरून सिगारेट ओढता का म्हणून भांडलेसुद्धा. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाले, 'बसा.' बसा म्हणाले ना, तेव्हाच कळलं मला. पुढचं ऐकलं नाही तरी चाललं असतं.

कानसेन : हे मला माहीत नव्हतं.

काकू : तुला कसं असेल? तू तेव्हा नवीन होतास. तू ह्यांना फक्त त्या कोपऱ्यात पुस्तक मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलंस.

कानसेन : आणि तुमचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की पेन्सिलीनं टेबलावर टकटक.

काकू : जन्म गेला ना छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. चूक दिसली की हात राहायचा नाही.

कानसेन : काकू, ह्याला दाखवलंत का कुणाला?

काकू : नाही.

कानसेन : का?

काकू : कारण तिथंही 'बसा' म्हणतील. मी सगळं ठरवलंय. घरी बसणार त्याच्याजवळ. जितके दिवस असतील तितके. इथं आणून दोन-दोन तास मुकाट पडायला लावायचं, हे पाप आहे रे. मी वाचत असते तोवर दाबून धरतो खोकला. वाक्य पुरं होऊ देतो, मग खोकतो. ह्यांनी लावलेली शिस्त. लाल दिवा लागला की चूप.

कानसेन : ते मात्र अगदी खरंय. एकशे बारा तुकडे आहेत, त्यातला एकही वाक्याच्या आत नाही.

काकू : कसले तुकडे?

कानसेन : खोकल्याचे. कापलेले.

काकू : कापून फेकून देत नाहीस?

कानसेन : शिंप्याचा मुलगा आहे मी. आमचे बाबा म्हणायचे, चिंधी फेकू नये, ठिगळ कधी लागेल सांगता येत नाही. कापलेलं सगळं ठेवतो. तुमचे अडखळलेले शब्द, खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज. प्रत्येकावर तारीख, वेळ, प्रकरण, पान.

काकू : वेडा आहेस.

कानसेन : आहेच. पण काकू, डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतात? कधीपासून खोकतो? कोरडा की ओला? केव्हा जास्त? तुम्हाला येईल सांगता?

काकू : खोकतो म्हणजे खोकतो. बरेच दिवस झाले.

कानसेन : बघा. आणि माझ्याकडे एकूण एक खोकला आहे, तारखेनिशी. कुठल्या कुत्र्याची एवढी जय्यत तयारी असते? दोन गल्ल्या सोडून माझ्या मांजरीची डॉक्टर आहे. बाई चांगली आहे. मांजरानं तिचा हात फाडला तर म्हणाली, पकड चांगली आहे, दात शाबूत आहेत.

काकू : मी येणार नाही.

कानसेन : कुत्र्याला मी नेतो, तुम्ही घरी जा.

काकू : तो तुझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत येणार नाही.

कानसेन : म्हणून तर म्हणतो, चला.

काकू : मी तो खोकला ऐकणार नाही, सांगून ठेवते. एकामागून एक लावशील तर उठून जाईन.

कानसेन : तुम्ही कान झाकून घ्या.

काकू : आणि बसा म्हणाली तर?

कानसेन : तर दोघं उभे राहू.

काकू : ... थांब. पट्टा काढते त्याचा. चालवत नाही नेणार, दमतो. उचलून घेतलं की तो मेला बिल्ला माझ्या छातीत टोचतो. ये रे, सोन्या. अगं बाई, किती जड झालास!

(दुपारी, प्राण्यांच्या दवाखान्यात. बोळा टेबलावर, काकू दाराला पाठ लावून.)

डॉक्टर : या, बसा ना.

काकू : मी उभीच बरी.

कानसेन : डॉक्टर, त्यांना बसा म्हणू नका. का ते मग सांगतो.

डॉक्टर : बरं, नाही म्हणत. हे काय, लॅपटॉप घेऊन आलात? मांजरीची कुंडली आणलीत की काय?

कानसेन : मांजर नाही. हे बोळामहाराज. खोकतात.

डॉक्टर : नाव छान आहे. वय?

काकू : अकरा. आमच्या ह्यांना छापखान्याच्या मागं रद्दीच्या ढिगात सापडला. ह्यांना आधी वाटलं, कुणीतरी कागदाचा बोळा फेकलाय. उचलायला गेले तर बोळ्यानं चावा घेतला.

डॉक्टर : म्हणजे तुम्ही मालकीण.

काकू : मालकांची बायको. मालक गेले दोन वर्षांपूर्वी.

डॉक्टर : हं. ये रे, वजन करू. नऊ किलो. पूर्वी किती होतं आठवतं?

काकू : सात. हे नेहमी सांगायचे, सात म्हणजे सात, वर एक बिस्कीट नको.

डॉक्टर : मग ही दोन किलो बिस्किटं आहेत का?

काकू : घरात दोघंच असतो. चहाबरोबर एक मी घेतलं की एक त्याला. न देता मला गिळत नाही.

डॉक्टर : ओरडत नाहीये, विचारतेय. तोंड उघड रे. हिरड्या गुलाबी, छान. रात्री खोकतो का?

काकू : रात्री मी जागीच असते.

डॉक्टर : तुमचं नाही विचारलं. ह्याचं.

काकू : हा... रात्री... थांबा हं. मी वाट बघत पडलेली असते. आता खोकेल, मग खोकेल. खोकत नाही. मग पहाटे वाटतं, आता खोकायचीही ताकद राहिली नाही ह्याच्यात.

डॉक्टर : म्हणजे रात्री खोकत नाही.

काकू : नाही म्हणजे... नाही.

डॉक्टर : बाई, तुम्हाला चांगली बातमी दिली तरी तुम्ही तिचं सुतक पाळाल. झोपेत मिनिटाला श्वास किती घेतो, कधी मोजलेत?

काकू : रोज. वीस, बावीस. एकदा चोवीस झाले होते, पण तेव्हा स्वप्नात पळत होता.

डॉक्टर : घड्याळ लावून?

काकू : ह्यांच्या. सेकंदकाट्याचं आहे.

डॉक्टर : इतकी वर्षं हा प्रश्न विचारतेय, उत्तर आज पहिल्यांदा मिळालं. तीसच्या आत असतील तर बरं असतं. दमतो का? चक्कर येऊन पडला कधी?

काकू : पडला नाही. जिना चढताना थांबतो.

डॉक्टर : नऊ किलो घेऊन मीही थांबेन. औषध काही दिलंत?

काकू : मध. आणि एकदा माझ्या खोकल्याचं औषध, अर्धा चमचा.

डॉक्टर : ते परत देऊ नका. माणसांच्या बाटलीतलं काही काही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. आता ते तुमचं यंत्र उघडा बघू. काय आणलंय?

कानसेन : खोकले. एकशे बारा. काकू, कान.

काकू : झाकले.

कानसेन : हा कालचा. हा परवाचा. हा गेल्या महिन्यातला, तेराव्या प्रकरणातला.

डॉक्टर : परत लावा. हं. कोरडा आहे. बदक ओरडल्यासारखा, भोंगा. शेवटी घशात काही घोळत नाही, गिळतही नाही. आवाज किती स्वच्छ आहे हो!

कानसेन : माइक चांगला आहे.

डॉक्टर : माझ्याकडे लोक फोनवर रेकॉर्ड करून आणतात, त्यात कुकरची शिट्टीच जास्त असते. हे सगळे तुमच्या स्टुडिओतले?

कानसेन : सगळे. काकू न दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं वाचतात, हा पायाशी पडून असतो. वाचताना हूं की चूं नाही. वाक्य संपलं, काकू थांबल्या, की एक खोकला.

डॉक्टर : घरी?

काकू : काय म्हणाली?

कानसेन : कान झाकलेत ना तुम्ही?

काकू : जरासे. घरी कमीच. दारातून बाहेर पडताना खोकतो, जिन्यावर, रस्त्यात. मी ओढते ना, उशीर झालेला असतो म्हणून.

डॉक्टर : अगदी पहिला खोकला लावा. सुरुवात कुठंय?

कानसेन : पाच महिन्यांपूर्वी, बारा तारखेला. दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी. हा.

डॉक्टर : कालच्यासारखाच आहे की! फार बिघडलेला नाही. आणि त्याच्या आधी?

कानसेन : त्याच्या आधी खोकला नाहीच. आधीच्या फाइली वेगळ्या आहेत.

डॉक्टर : कसल्या?

कानसेन : खळखळ.

डॉक्टर : म्हणजे?

कानसेन : ह्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला आहे, नाव आणि फोन नंबर कोरलेला. हलला की बकलावर वाजायचा. प्रत्येक पानाला. मी तर काकूंना म्हणालो होतो, ऐकणाऱ्याला वाटेल दीपगृहात गाय शिरली. हे बघा, खळखळ, खळखळ, खळखळ... शेवटची खळखळ नऊ तारखेची.

डॉक्टर : आणि पहिला खोकला बारा तारखेचा.

कानसेन : हो. नऊला खळखळ संप... थांबा.

डॉक्टर : नऊ आणि बाराच्या मधे काय झालं?

कानसेन : काकू. कान सोडा.

काकू : काय झालं? वाईट आहे ना?

कानसेन : बिल्ला वाजायचा कसा थांबला, काकू? तुम्ही काय केलं होतंत?

काकू : काय करणार! आधी चिंधी बांधली, ती ह्यानं खाल्ली. मग चिकटपट्टी लावली, तीही खाल्ली. मग पट्टाच दोन भोकं आत घेतला. बिल्ला केसांत घट्ट बसला, वाजायचा थांबला. तूच म्हणालास की, वा काकू, आता सुई पडली तरी ऐकू येईल.

डॉक्टर : तो पट्टा कुठंय?

काकू : पर्समध्ये. घरी घालत नाही मी, फक्त बाहेर पडताना. हा घ्या.

डॉक्टर : बोळ्या, इकडे बघ. शाब्बास. ह्याच भोकावर लावते हं. आता काकू, इकडे या. पट्टा आणि मान यांच्यात तुमची दोन बोटं घाला.

काकू : दोन कशी जातील? एकसुद्धा जात नाही. केस किती दाट आहेत...

डॉक्टर : केस दाट आहेत म्हणून दिसलं नाही. आता त्याला हाक मारा.

काकू : बोळा.

डॉक्टर : मान वर केली. आणि खोकला. झालं, पट्टा काढा. मी आता नुसतं बोट ठेवते इथं, गळ्याच्या खाली, अगदी हलकं. खोकला. बघितलंत?

काकू : म्हणजे मी... मी गळा आवळला ह्याचा? पाच महिने?

कानसेन : मी सांगितलं म्हणून. माझा कान मेला! एक बिल्ला वाजला तर कुणाचं काय बिघडणार होतं? ते आजोबा मला म्हणालेही होते, अधूनमधून घुंगरासारखं काही वाजतं, बरं वाटतं. मीच शहाणा.

काकू : तू मधे मधे येऊ नकोस. भोकं मी आत घेतली.

डॉक्टर : भांडण बाहेर जाऊन करा. मी अजून काही म्हटलेलं नाही. पट्टा एकटा एवढं करत नाही. छोट्या कुत्र्यांची श्वासनळी वयानं मऊ पडू शकते, त्यात वजन वाढलं, त्यात पट्टा. पण हे सगळं माझं अनुमान. अकरा वर्षांचा आहे, हृदय आणि फुप्फुसं बघितल्याशिवाय मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. फोटो काढू. पंधरा मिनिटं लागतील.

काकू : मी बाहेर उभी राहते.

डॉक्टर : बाहेर ऊन आहे. इथंच उभ्या राहा, भिंत तुमचीच.

कानसेन : काकू, हात द्या इकडे.

काकू : कानसेन, ती फोटो बराच वेळ बघत राहिली तर?

कानसेन : तर मी विचारीन, काय बघताय एवढं.

काकू : विचारशील ना?

कानसेन : विचारीन.

काकू : मी तेव्हा विचारलं नव्हतं.

डॉक्टर : झाला फोटो. शहाणा आहे हो, हलला नाही.

काकू : तिथं दिवा होता का हो? त्याला लाल दिवा दिसला की...

डॉक्टर : होता एक लाल दिवा. असो. हे बघा.

कानसेन : काय बघताय एवढं?

डॉक्टर : अहो, बघू तरी द्या! आता कुठं लावला. हे हृदय. आकार ठीक आहे, कुठं फुगलेलं नाही. ही फुप्फुसं, दोन्ही स्वच्छ. आणि ही काळी पट्टी दिसते ना मानेत, ती श्वासनळी. इथवर सरळ आहे, इथं बघा, चपटी. बागेतल्या रबरी नळीवर कुणी पाय ठेवला की कशी होते?

काकू : पाणी अडकतं.

डॉक्टर : तसं. पडून असतो तेव्हा हनुवटी पायांवर, पट्ट्याचा दाब कमी. तुम्ही वाचायच्या थांबलात की वर बघतो, पट्टा नेमका इथं बसतो. म्हणून वाक्य संपल्यावर खोकला.

काकू : म्हणजे शिस्त नव्हती ती? दाबून नव्हता धरत?

डॉक्टर : ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही थांबलात की तो तुमच्याकडे बघतो, एवढं खरं.

काकू : मग आता... किती दिवस?

डॉक्टर : कशाचे?

काकू : ह्याचे.

डॉक्टर : वर्षं म्हणा हो! पण खोटं सांगत नाही. नळी एकदा मऊ झाली ती परत कडक होत नाही. थोडा खोकला राहणार. उन्हात, आनंदानं उड्या मारल्यावर. गळ्यात पट्टा यापुढे अजिबात नाही, छातीभोवती बांधतात तो घ्या. वजन सातवर आणा. उदबत्ती, धूर ह्याच्याजवळ नको. आठ दिवसांचं औषध देते, वेळेवर द्या. आणि कधी हिरड्या निळसर दिसल्या, झोपेतले श्वास तीसच्या वर गेले, तर थांबू नका, उचलून आणा.

काकू : डॉक्टर.

डॉक्टर : हं?

काकू : ती खुर्ची घेऊ का? आता बसते.

* * *

कानसेन : तीन आठवडे आजोबांनी माझं डोकं खाल्लंय, काकू. शेवटी म्हणालो, दीपगृहवाल्याची होडी दुरुस्तीला गेलीय.

काकू : आज येईल म्हणावं. माइक जरा खाली घे. तू वर करून ठेवलास की मला उंटासारखी मान काढावी लागते.

कानसेन : घेतला. महाराजांचं वजन?

काकू : आठ. बिस्कीट बंद. मीही सोडलं, एकटीला जात नाही. सकाळी अर्धा तास चालतो दोघं. मी ओढत नाही, तोच मला ओढतो.

कानसेन : आणि खोकला?

काकू : आहे. दिवसाकाठी दोन-तीन. काल मी भाजी घेऊन दारात आले तर नाचला आणि खोकला. मी पिशवी टाकून घड्याळ शोधायला धावले. मग त्यानं टोमॅटो पळवला. म्हटलं, मरणारा माणूस टोमॅटो पळवत नाही.

कानसेन : त्या छातीच्या पट्ट्याची काय करकर हो! इथपर्यंत ऐकू येते.

काकू : नवीन आहे. तेल लावू का?

कानसेन : काही लावू नका. करकरू दे. मी कापत बसेन, मला दुसरा धंदा काय आहे?

काकू : बिल्लाही परत लावलाय, ह्याच पट्ट्याला. सैल.

कानसेन : ऐकला. छान वाजतोय. तो तर मी कापणारही नाही.

काकू : कानसेन.

कानसेन : बोला. दिवा लावला नाही अजून.

काकू : तू म्हणालास, कापलेलं सगळं ठेवतोस.

कानसेन : हो.

काकू : अगदी आधीपासूनचं? तू नवीन होतास तेव्हापासूनचं?

कानसेन : ... हो.

काकू : मग ह्यांचेही असतील. त्या कोपऱ्यातून खोकायचे ते.

कानसेन : आहेत, काकू.

काकू : तारखेनिशी.

कानसेन : तारखेनिशी.

काकू : म्हणजे पहिला कधीचा, ते तुला सांगता येईल. कधी सुरू झालं. मी केव्हा न्यायला हवं होतं.

कानसेन : येईल. मी कधी उघडून बघितलं नाही. दवाखान्यातून आल्यावर मनात आलं होतं, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही बघितलं. बघू?

काकू : नको. ह्याच्या वेळी तारीख कळली, तर पट्टा काढता आला. ह्यांच्या तारखेचं मी काय करू? रात्री उशाशी घेऊन पडू? राहू दे ती तुझ्याकडे.

कानसेन : बरं.

काकू : पुसू मात्र नकोस हं.

कानसेन : चिंधी फेकत नाही, काकू.

काकू : आणि त्यात टकटक असेल ना? पेन्सिलीची?

कानसेन : ढीगभर. तुम्ही काय कमी चुकायचात?

काकू : तेवढी ऐकव एक. खोकला नसलेली बघून दे.

कानसेन : थांबा. ही... नाही, हिच्या मागं आहे. ही घ्या. नुसती टकटक आहे. लावू?

काकू : लाव.

कानसेन : ऐका.

काकू : अरे.

कानसेन : काय झालं?

काकू : ह्यानं मान वर केली.

कानसेन : ऐकू आलं. करकर आणि बिल्ला, दोन्ही. खोकला?

काकू : नाही. कोपऱ्याकडे बघतोय. शेपटी आपटतोय.

कानसेन : आणखी एकदा लावू?

काकू : एकदाच. मग वाचू.